सोलापूरहून समुद्राकडे : चित्रकारांच्या रेसिडेन्सीला पहिल्यांदा जाताना

सोलापुरात एप्रिलमध्ये पॅलेटवर ॲक्रिलिक काढायचा तो लगेच लावायचा. चहा आला म्हणून पाच मिनिटं उठलात, तर परत येईपर्यंत रंगावर रबरासारखी साल धरलेली असते. आम्ही सगळे याच हवेत शिकलो, त्यामुळे रंग म्हणजे घाईची गोष्ट हे हाताला पाठ झालेलं. सिंधुदुर्गातल्या एका छोट्या बंदरावर नोव्हेंबरात तीन आठवड्यांच्या रेसिडेन्सीला, म्हणजे तिथेच राहून काम करायला, गेलो. पहिल्याच संध्याकाळी कागदावर पाण्याचा एक मोठा हात मारला आणि जेवायला गेलो. परत आलो तरी कागद तसाच ओला. सकाळी बोट लावून पाहिलं, गारवा होताच.

तीन आठवड्यांतले पहिले पाच दिवस माझे या एका गोष्टीशी भांडण्यात गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हा लेख. एटीडी किंवा जी. डी. आर्ट करून शाळेत चित्रकला शिकवणारे, फ्लेक्स आल्यावर बोर्ड रंगवणं सुटलेले, टॉवेल-चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढणारे, असे आपल्याकडे पुष्कळ आहेत. रेसिडेन्सी हा शब्द त्यांनी ऐकलेला असतो, पण ती पुण्या-मुंबईच्या पोरांची भानगड म्हणून सोडून दिलेली असते. तशी ती नाही.

शिबिर वेगळं, रेसिडेन्सी वेगळी

निघताना मावशीने विचारलं होतं, "म्हणजे राहायचं तिकडं, जेवायचं तिकडं, मग चित्रं कुणाची ओ?" सगळ्यात बरोबर प्रश्न तिचाच होता.

आपल्याला कलाशिबिर माहीत असतं. तीन ते पाच दिवस जायचं, आयोजकांनी दिलेल्या कॅनव्हासवर एक-दोन चित्रं करायची, ती त्यांना द्यायची आणि मानधन घेऊन यायचं. रेसिडेन्सीत तुम्हाला राहायला खोली, कामाला जागा आणि ठरावीक मुदत मिळते, दोन आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत. त्या मुदतीत चित्र पूर्ण झालंच पाहिजे असं बहुतेक ठिकाणी नसतं. नवं काही करून बघा, फसलं तरी चालेल, शेवटी काय केलं ते चार लोकांना दाखवा, एवढीच अपेक्षा असते. चित्रं तुमची. काही ठिकाणी एक काम ठेवून घेतात, त्याबद्दल पुढे सांगतो.

समुद्राकाठच्या छोट्या गावांत असे उपक्रम सुरू होतात त्याला एक साधं कारण आहे. पर्यटकांचा हंगाम संपला की खोल्या रिकाम्या राहतात. अमेरिकेत केप कॉडच्या टोकाला प्रॉव्हिन्सटाउन नावाचं जुनं मासेमारीचं गाव आहे. तिथलं फाइन आर्ट्स वर्क सेंटर १९६८ मध्ये सुरू झालं. तिथल्या फेलोशिपची मुदत १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल अशी सात महिन्यांची, म्हणजे नेमकी थंडीची, पर्यटक नसतानाची. आपल्या देशात चेन्नईजवळ बंगालच्या उपसागराकाठी चोळमंडल हे कलाकारांचं गाव १९६६ मध्ये उभं राहिलं. चित्रकारांनी बाटिक (मेण लावून रंगवलेलं कापड) आणि हस्तकलेच्या वस्तू विकून त्या पैशांतून जमीन घेतली होती. ही रेसिडेन्सी नव्हे, कायमची वस्ती. पण समुद्र, स्वस्त जागा आणि शेजारी काम करणारी माणसं हे गणित तेच. कोकणात आणि गोव्यात जे छोटे उपक्रम चालतात तेही बहुधा कुणाच्या तरी जुन्या चिरेबंदी घरात, पडवीचा स्टुडिओ करून.

पैसे कोण देणार, हे आधी विचारा

अर्जाची लिंक उघडण्याआधी हे बघा. काही ठिकाणी राहणं, जेवण, प्रवास, साहित्याचा खर्च आणि वर थोडं मानधन मिळतं. काही ठिकाणी फक्त खोली आणि स्टुडिओ मिळतो, बाकी तुमचं तुम्ही. आणि काही ठिकाणी तुम्हीच पैसे भरायचे असतात. हा तिसरा प्रकार सरसकट वाईट नाही, पण पहिल्या खेपेला तिकडे जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण मी गेलो होतो. नाव लिहीत नाही. 'सहभाग शुल्क' म्हणून मोठी रक्कम आगाऊ घेतली. पोचलो तर एका खोलीत चौघे, आणि स्टुडिओ म्हणजे जेवायच्या टेबलाचा अर्धा भाग, तोही जेवणाची वेळ सोडून. वर निघताना दोन चित्रं 'आमच्या पसंतीची' ठेवून जा म्हणाले. करारात ते लिहिलेलं होतंच, मी वाचलं नव्हतं.

म्हणून ईमेल करून विचारा, फोनवर नको. खोली एकट्याला की वाटून? स्टुडिओ वेगळा आहे का, रात्री वापरता येतो का? साहित्याचे पैसे पावत्या दाखवल्यावर मिळतात की आधी? शाकाहारी जेवणाची सोय काय? काम ठेवून घेणार असाल तर किती, आणि निवड कोणाची? इथे वाकू नका. एक काम ठेवायला हरकत नाही, पण ते मी निवडीन, एवढं नम्रपणे लिहा. चांगले आयोजक हे लगेच मान्य करतात. जे करत नाहीत त्यांची ओळख जायच्या आधीच झालेली बरी. चित्रांचे फोटो त्यांनी कशासाठी वापरायचे हेही लिहून घ्या.

स्वतःचा खर्च असेल तर सरकारी योजना डोक्यात ठेवा. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. त्यापुढे २५ ते ४० वयासाठी कनिष्ठ फेलोशिप महिना १०,००० आणि चाळिशीनंतर ज्येष्ठ फेलोशिप महिना २०,००० रुपये, त्याही दोन वर्षांच्या. या रेसिडेन्सीसाठी नसतात, पण हातात असल्या तर तीन आठवडे घराबाहेर राहताना घरचा हप्ता चुकत नाही. अर्ज निघतात तेव्हाची जाहिरात वाचून अटी पडताळून घ्या.

आधी सोलापुरातच पाच दिवस

हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. अर्ज करण्याआधी घरच्या घरी एक छोटी रेसिडेन्सी करून बघा. सलग पाच दिवस एकच जागा धरायची. कंबर तलाव घ्या, सिद्धेश्वर तलावाची पायऱ्यांकडची बाजू घ्या, नाहीतर पूर्व भागातली एखादी बोळ, जिथे दुपारी मागांची खडखड भिंतीतून पायाला जाणवते. रोज तीन तास. मोबाइल घरी.

पहिल्या दिवशी मजा येते, दुसऱ्या दिवशी जे दिसतं ते सगळं काढून झालेलं असतं. तिसरा दिवस अवघड. आता काय काढायचं, अशा कंटाळ्यात बसून राहावं लागतं. चौथ्या दिवशी काहीतरी वेगळं दिसायला लागतं, किंवा लागत नाही. तिसरा दिवस तुम्हाला अजिबात सोसला नाही तर तीन आठवड्यांच्या रेसिडेन्सीत तुम्ही आठव्या दिवशी परतीचं तिकीट बघाल. सोसला, तर त्या पाच दिवसांतली चित्रं अर्जाला लावा.

अर्ज : चित्रांचे फोटो आणि तीनशे शब्द

साधारणपणे १० ते १५ चित्रांचे फोटो, एक पानी माहिती, स्वतःच्या कामाबद्दल दोन-तीनशे शब्द आणि तिथे काय करणार याचा प्रस्ताव मागतात. निवड समितीसमोर शेकडो फोटो येतात, आणि आपली चांगली चित्रं वाईट फोटोंमुळे मागे पडतात. फ्लॅश नको. सकाळी नऊच्या आसपास गच्चीवर, जिन्याच्या सावलीत चित्र भिंतीला टेकवून ठेवा. कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्याच्या उंचीवर धरा, नाहीतर चौकोनाचं पतंगासारखं काहीतरी होतं. काचेत मढवलेलं चित्र काचेतून बाहेर काढूनच टिपा. प्रत्येक फोटोखाली नाव, माध्यम, आकार सेंटीमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी, आणि वर्ष. दहा वर्षांच्या दहा तऱ्हा दाखवण्यापेक्षा गेल्या दोन वर्षांतलं एकाच ओढीचं काम दाखवा. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला 'ए' ग्रेड होती हे लिहायची गरज नाही. हुसेन आपल्या जिल्ह्यातले, पंढरपूरचे, हेही नको. प्रत्येक सोलापूरकर ते लिहितो.

तीनशे शब्द आधी मराठीत लिहा. बहुतेक अर्ज इंग्रजीत असतात, म्हणून आपण थेट इंग्रजीत लिहायला बसतो आणि मग 'मला निसर्गातून प्रेरणा मिळते' यापलीकडे गाडी जात नाही. मी पहिल्या दोन अर्जांत तेच लिहिलं होतं. दोन्ही परत. तिसऱ्यात हे लिहिलं :

'आमच्या गल्लीत चादरीचे माग होते. मागावर नक्षी ठरवणारी, जेकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं आता भंगारात किलोवर जातात. एका चादरीवरचं एक फूल म्हणजे अशी शेकडो कार्डं. मी ती कागदावर ठेवून भोकांतून रंग भरतो. फूल दिसत नाही, फक्त ठिपके दिसतात. समुद्राकाठी जाळी विणणारे लोक आहेत. जाळं म्हणजेही भोकं आणि धागा. त्यांच्याशेजारी बसून मला या कार्डांवर काम करायचं आहे.'

यात एकही मोठा शब्द नाही. नंतर आमच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीने याचं इंग्रजी केलं. भाषांतरात 'गल्ली' आणि 'भंगार' पातळ होऊ देऊ नका, तेच वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं.

प्रस्तावात 'समुद्राची चित्रं काढणार' असं लिहू नका. समुद्राकाठच्या रेसिडेन्सीला येणारा प्रत्येक जण समुद्रच काढायला येत असतो, आणि आपण कोरड्या गावातले लोक तर हटकून. तरी मी काढलीच. सूर्यास्त, होडी, नारळ. सात चित्रं. ती आता माळ्यावर आहेत.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोपं. शिक्षक असाल तर दिवाळीची सुट्टी धरा. मे महिन्यात कोकणात घामाने कागद हाताला चिकटतो. पावसाळ्यात रेसिडेन्सी स्वस्त असते आणि गाव तुम्हाला एकट्याला मिळतं, पण सोलापुरात वर्षभर पडतो त्याच्या चौपट पाऊस तिथे चार महिन्यांत कोसळतो. शिवाय महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या शाकारून वर ओढलेल्या असतात. मासळीचा लिलाव, बंदराची गडबड बघायला जाणार असाल तर हे दोन महिने टाळा. याउलट जाळी दुरुस्त करणारे हात बघायचे असतील तर हेच दिवस बरे, सगळे खलाशी घरीच असतात.

सामान

रत्नागिरी-नागपूर महामार्ग सोलापुरातूनच जातो. त्यावरून कोल्हापूर गाठायचं, मग रत्नागिरीकडे जायचं तर आंबा घाट, सिंधुदुर्गाकडे गगनबावड्याची बाजू. घाटात एसटी वळणं घेते तेव्हा वरच्या फळीवरचं सामान या टोकाचं त्या टोकाला जातं. पाण्याची, रंगाची बाटली पिशवीत उभी ठेवलीत तरी ती आडवी होणार, तेव्हा प्रत्येक झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून मगच फिरवा.

कागद आणि कॅनव्हाससाठी प्लंबिंगच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइप तीन फूट कापून घ्या, दोन्ही टोकांना टोप्या. महागड्या नळकांड्यांपेक्षा हे बरं, वर बसलं तरी चेपत नाही. परतताना रंगवलेला कॅनव्हास गुंडाळायचा तो रंगाची बाजू बाहेर ठेवून. आत ठेवली तर रंग दाबला जातो आणि उलगडताना तडकतो. त्याच कारणाने तीन आठवड्यांसाठी तैलरंग नेऊच नका. दमट हवेत ते सावकाश वाळतात, आणि ओलं चित्र गुंडाळता येत नाही.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड घ्या. पातळ कागद तिथे नुसता ठेवला तरी लाटा धरतो. लोखंडी चुका आणि स्टेपलरच्या पिना आठवड्यात गंजतात आणि कॅनव्हासच्या कडेला तांबडे डाग पाडतात, म्हणून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या न्या. पोस्टर कलर उघडे ठेवलेत तर त्यातल्या डिंकावर बुरशी येते. बाटलीत एक लवंग टाका. कॅमेऱ्याची लेन्स आणि कोरे कागद हवाबंद डब्यात ठेवा, सोबत भाजलेल्या तांदळाची कापडी पुरचुंडी. तांदूळ दर चार दिवसांनी पुन्हा तव्यावर परतायचे.

ब्रश पुसायला आपल्याकडच्या कारखान्यातले सेकंडच्या मालाचे टॉवेल न्या, त्यांच्याइतकं पाणी दुसरं काही पीत नाही. आणि यजमानांसाठी एक चादर आणि शेंगाची चटणी. कडक भाकरी नेलीत तर पहिल्याच दिवशी संपवा, तिसऱ्या दिवशी ती कडक राहत नाही.

पहिला आठवडा हवेला द्या

माझ्या पिशवीत दोनेकशे जेकार्ड कार्डं होती. सोलापुरात ती लाकडी पट्टीसारखी ताठ असतात, एकमेकांवर आपटली की टक्क आवाज येतो. तिथे चौथ्या दिवशी उचलली तर आवाजच गेला होता. पुठ्ठ्याचे थर सुटून फुगले होते, गोल भोकं लांबट झाली होती, आणि खालच्या कार्डांना तुरट कुबट वास. प्रस्ताव गेला, असं वाटून मी त्या दिवशी काहीच केलं नाही.

पहिल्या आठवड्यात मोठं काम सुरू करू नका, हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला. त्याऐवजी रोज सकाळी एका कागदाच्या पट्टीवर तुमच्याकडचा प्रत्येक रंग लावा, वेळ लिहा, आणि तो केव्हा वाळतो ते बघत राहा. सकाळी सातला, दुपारी दोनला, रात्री. दुपारी खारा वारा असतो तेव्हा जरा लवकर वाळतं, रात्री जवळजवळ नाहीच. हे कळलं की मग ओल्यावर ओला रंग सोडायचं काम रात्री, आणि कडा स्वच्छ हव्यात ते काम दुपारी. आपल्याकडे ओल्या कागदावर रंग सोडायला मिनिटभर मिळतं. तिथे अर्धा तास मिळतो. एकदा ते अंगात मुरलं की परत येऊन सोलापूरची हवाच कंजूष वाटायला लागते.

भरतीचं गणित

किनाऱ्यावर बसून काम करणार असाल तर कॅलेंडर हवं, तिथी असलेलं. स्टुडिओत स्वयंपाक करणाऱ्या काकींनी मला हे शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा किंवा अमावस्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल असो की कृष्ण, मोजणी तीच, आणि दिवसातून दोनदा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. गावागावानं थोडं मागेपुढे होतं, पण स्टूल आणि पॅड घेऊन कुठे बसायचं हे ठरवायला पुरेसं आहे.

चित्रकाराला याचा उपयोग असा : अष्टमीच्या आसपास ओहोटी भर दुपारी बाराला येते, उजेड डोक्यावर, सावल्या नाहीत. पौर्णिमा-अमावस्येला ती पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येते, आणि ती उधाणाची ओहोटी असल्यामुळे पाणी खूप लांबवर जातं. म्हणजे सूर्य खाली असताना ओल्या वाळूचा मोठा आरसा समोर. सात वाईट सूर्यास्त मी सप्तमी ते दशमीत काढले होते, हेही एक कारण असू शकेल. खाडीच्या मुखाशी मात्र ओहोटीतही एकट्याने चिखलात उतरू नका, पाणी परत येतं तेव्हा ते आधी मागच्या बाजूने येतं.

जांभ्याचा रंग

रंग संपले आणि जवळच्या दुकानात फक्त शाळेचे क्रेयॉन, तेव्हा हे सुचलं. कोकणातली घरं ज्या चिऱ्याची, तो जांभा दगड लोहामुळे लाल असतो. याच लाल मातीची काव चुन्यावर लावून, ती खरवडून नक्षी काढायची कावी कला कोकण-गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर अजून दिसते.

टोमॅटोएवढा जांभ्याचा तुकडा घ्या. खलबत्त्यात कुटा (स्वयंपाकघरातला घेऊ नका, मी घेतला आणि बोलणी खाल्ली). जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळा. बादलीत पाणी घेऊन ती पूड ढवळा, मनात तीस मोजा, जड कण तळाला बसले की वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. रात्रभर ठेवा. सकाळी वरचं पाणी निवळलेलं असतं, ते सांडून द्या. खाली राहतो तो रंग. समुद्राजवळची माती असेल तर हे धुणं दोनदा करा, मीठ निघून गेलं पाहिजे. बाभळीचा डिंक दुप्पट कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, त्यात हा गाळ घोटा, दोन थेंब मध घाला म्हणजे वाळल्यावर पापुद्रे निघत नाहीत, आणि लवंग.

परत आल्यावर हाच प्रयोग मी आपल्या काळ्या मातीवर केला. ती कागदावर वाळताना शेतासारखीच भेगाळते. फुगणारी, आकसणारी माती, डिंक तिला धरू शकत नाही. अगदी पातळ लावली तर करडा-तपकिरी हात मिळतो, तोही सुंदर आहे.

माणसं

बंदरावर पहिल्या दिवशी कॅमेरा काढू नका. नुसतं जा, उभं राहा. "खंयसून इलात?" (कुठून आलात?) असं कुणीतरी विचारतंच. सोलापूर म्हटलं की चादर, हे तिकडेही घट्ट बसलेलं आहे, त्यामुळे बोलणं सुरू व्हायला अडचण येत नाही. लिलाव चालू असताना मध्ये जाऊ नका, ती त्यांची कमाईची वीस मिनिटं असतात. मासळीवाल्या बाईंचा फोटो किंवा स्केच हवं असेल तर "मावशी, काढू का?" एवढं विचारा. नाही म्हणाल्या तर नाही. मला एका तांडेलांनी, म्हणजे होडीच्या प्रमुखांनी, होडीत चढताना चपला काढायला लावल्या. मी शूज घालून थेट आत गेलो होतो.

जाळं विणणाऱ्या एका आजोबांशेजारी मी आठ दिवस बसलो. ते बोलत नसत. सुतळीची सुई, एक बोटभर रुंद पट्टी, आणि गाठ. पट्टीच्या रुंदीवर भोकाचा आकार ठरतो, म्हणजे कुठला मासा अडकणार आणि कुठला सुटणार तेही. माझं फुगलेलं कार्ड त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, यातून काय पकडायचं? मी चादरीचं फूल सांगितलं. त्यांनी कार्ड परत दिलं. त्या संध्याकाळी मी ती वाकडी कार्डंच जांभ्याच्या रंगात बुडवून कागदावर दाबली. लांबट झालेली भोकं आता वेगळी दिसत होती.

एक दिवस सुट्टी घेऊन कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्या तिथे आहेत, आणि तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सावंतवाडीत लाकडी खेळणी आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. हे बघायला जाताना पर्यटकासारखे फोटो काढत धावू नका, एकाच ठिकाणी दिवस घालवा.

शेवटचा दिवस

ओपन स्टुडिओला गाव येतं. शाळेची मुलं, रिक्षावाले, काकी, शेजारचे भटजी. चित्रं भिंतीला चिकटवायला टेप वापरलात तर ती चुन्याच्या भिंतीवर तासाभरात सुटते. दोरी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी लावा. फसलेली कामंही लावा, लोक त्यांच्यापुढेच जास्त थांबतात. समजावून सांगताना संकल्पना, अवकाश वगैरे नको. काय केलं, कशाने केलं, एवढं सांगा. माल विकायला काढल्यासारखं वागू नका, पण कुणी किंमत विचारली तर सांगता आली पाहिजे. ती आदल्या रात्री ठरवून ठेवा.

परत आल्यावर

आठवड्याच्या आत आयोजकांना एक पानाचा अहवाल आणि चांगले फोटो पाठवा, मागितले नसले तरी. पुढच्या अर्जाला शिफारसपत्र तिथूनच येतं.

आणि चित्रं लगेच मढवायला देऊ नका. पाइपमधून काढून खोलीत सपाट पसरा, वर वर्तमानपत्र आणि जड पाट, पंखा लावू नका, आठ दिवस. दमट हवेतून आलेला कागद आपल्याकडे एकदम सुकला तर कडा वळतात. माझी कार्डं चौथ्या दिवशी पुन्हा ताठ झाली, आपटली की टक्क वाजू लागली. फक्त प्रत्येक भोकाभोवती पांढरी बारीक कड आली होती. जिभेला लावून बघितली, मीठ होतं. त्यातली दोन मी तशीच काचेत मढवून घेतली, आणि जुलैत काचेला आतून पाणी सुटलं. मीठ हवेतली ओल ओढतं. त्यामुळे समुद्राकाठी केलेलं काहीही मढवायचं तर आधी मऊ कोरड्या ब्रशने झाडा, काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची जाड पट्टी ठेवा, आणि पहिला पावसाळा काचेशिवाय काढा.